हजर सभासद एक

नातू सात महिन्यांचा झाला तरी फौजदारांनी त्याला फक्त फोनवर पाहिलं होतं. तेही अर्धंमुर्धं, कारण मुलगी फोन धरायची तेव्हा कधी नातवाचा कान दिसायचा, कधी नुसतंच छत. फौजदारांनी रजेचा अर्ज नऊ वेळा केला आणि मोठ्या साहेबांनी नऊही वेळा त्यावर 'बंदोबस्त' एवढा एकच शब्द लिहून तो परत पाठवला. दहाव्या खेपेला बायकोने बॅग भरून दारातच ठेवली.

"मी शुक्रवारी लेकीकडे निघतेय. तुमचं तुम्ही बघा."

"अगं, पण रजा मिळायला नको?"

"गुन्हेगार म्हणे तुम्हाला चळाचळा कापतात. मग साहेबांपुढे का शेपूट घालता? ती तुमची अधिकाऱ्यांची संघटना आहे ना? आज बैठक आहे म्हणत होता. जा आणि बोला तिथे."

फौजदार आजवर संघटनेच्या वाऱ्यालाही उभे राहिले नव्हते. पण नातवासाठी त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. निघताना बायकोने मायेने त्यांच्या खिशाला पेन अडकवलं आणि तिथेच घात झाला. खात्यात एक अलिखित नियम आहे. घटनास्थळी ज्याच्याकडे पेन सापडतं, पंचनामा त्याच्या गळ्यात पडतो. त्यामुळे अनुभवी अधिकारी एक वेळ टोपी विसरेल, पण खिशाला पेन लावून चारचौघांत जाणार नाही.

कॅन्टीनच्या वरच्या खोलीत तेरा अधिकारी जमले होते. जुने सचिव नुकतेच निवृत्त झाले होते. अध्यक्षांनी नवीन सचिवासाठी सगळ्यांवरून नजर फिरवली. बाकीच्यांनी छाती पुढे काढून आपले रिकामे खिसे दाखवले. अध्यक्षांची नजर फौजदारांच्या खिशावर येऊन थांबली.

"एकमताने!" अध्यक्ष म्हणाले आणि टाळ्या वाजल्यासुद्धा.

मग ठराव झाला की बैठकीला हजर असलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला पंधरा दिवसांची रजा मिळावी. ठरावाचं काम दोन मिनिटांत उरकलं. पुढचा तासभर सगळ्यांनी मोठ्या साहेबांवर तोंडसुख घेतलं. इतकी वर्षं 'होय साहेब, होय साहेब' म्हणून तुंबलेलं सगळं त्या दिवशी वाहून गेलं म्हणा ना.

आता फौजदारांनी जन्मात कधी बैठकीचं इतिवृत्त लिहिलेलं नव्हतं. पंचनामे मात्र हजारोंनी लिहिले होते. हाताला जे वळण होतं तेच त्यांनी गिरवलं. 'खोली दहा बाय पंधरा. खिडक्या दोन, पैकी एक उघडत नाही. अध्यक्ष खुर्चीत रेलून बसलेल्या स्थितीत मिळून आले. ते म्हणाले की मोठ्या साहेबांना काळीज नाही, त्या जागी फाइल आहे. त्यावर उपाध्यक्ष म्हणाले की साहेबांना घरात कुणी विचारत नाही म्हणून ते रजा घेत नाहीत, आणि आपल्यालाही देत नाहीत. यावर सर्व जण सुमारे एक मिनिट हसले.' सह्या मागितल्या तेव्हा सगळे "नंतर करू, नंतर करू" म्हणत जिना उतरले. फौजदारांनी मग शिरस्त्याप्रमाणे एक प्रत वरिष्ठांकडे पाठवली. पंचनाम्याची जाते तशीच, त्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अध्यक्षांच्या कानावर गेलं.

"वरिष्ठांकडे म्हणजे? कुणाकडे?"

"मोठ्या साहेबांकडे. दुसरे वरिष्ठ कुठून आणू?"

"अरे देवा! जा, आत्ताच्या आत्ता परत आण तो कागद."

फौजदार धावत टपाल घेणाऱ्या कारकुनाकडे गेले. कारकुनाने चष्म्यावरून त्यांना न्याहाळलं. "शिक्का बसलाय. शिक्का बसलेला कागद परत जात नाही."

"अहो, चुकून आलाय तो."

"तुमच्याकडे येणारा प्रत्येक जण असंच म्हणतो. तुम्ही सोडता का त्याला?"

तेवढ्यात आतून बोलावणं आलं, तेराही जणांना.

मोठ्या साहेबांनी इतिवृत्त मोठ्याने वाचलं, खिडक्यांसकट. एक मिनिट हसल्याचं वाचून झाल्यावर ते खरोखरच एक मिनिट थांबले.

"हे कोण कोण म्हणालं?"

"साहेब, मी त्या बैठकीला नव्हतोच," अध्यक्ष म्हणाले. "दाढ दुखत होती. दवाखान्यात होतो."

उपाध्यक्षही दवाखान्यात होते. मग आणखी दोघांच्या दाढा दुखल्या, एकाची सासू पडली, एक जण गस्तीवर होता आणि उरलेल्यांना संघटना नावाचं काही असतं हेच मुळी ठाऊक नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या थापा पकडणारी ही माणसं. स्वतः थाप मारायची वेळ आली तेव्हा त्यांना धड एक जमली नाही. शेवटी साहेब फौजदारांकडे वळले.

फौजदारांनी मनाशी हिशेब केला. आता रजा तर गेलीच, वर निलंबन. पण तेवढं लिहून ठेवल्यावर नाही कसं म्हणायचं?

"मी होतो, साहेब. जे ऐकलं ते लिहिलं."

साहेबांनी कागद पुन्हा चाळला. "ठराव रास्त आहे. मंजूर करतो."

बारा चेहरे एकदम उजळले.

"बैठकीला हजर असलेल्या प्रत्येकाला पंधरा दिवस," साहेब सही करत म्हणाले. "आणि हजर होता एकच जण. फौजदार, निघा तुम्ही."

फौजदार बाहेर पडले तेव्हा मागून अध्यक्षांचा आवाज येत होता, "साहेब, काळीज नाही असं मीच म्हणालो होतो! आईशप्पथ!" त्यापाठोपाठ उपाध्यक्षांचा, "साहेब, घरचं मी बोललो!" एरवी दोन दोन दिवस डोकं फोडूनही ज्या कचेरीत कुणी काही कबूल करत नसे, तिथे आता कबुलीसाठी रेटारेटी चालली होती.

शनिवारी फौजदार मुलीच्या घरी पाय पसरून बसले होते आणि नातू त्यांच्या मिशीला लोंबकळत होता. मिशी दुखत होती, पण त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला.

"साहेब तयार झालेत रे! म्हणतात, सचिवाने लेखी दिलं की हे बारा जण बैठकीला होते, तर यांनाही उद्यापासून रजा. दोन ओळी लिहून पाठव बाबा."

"म्हणजे बाराही जण उद्यापासून रजेवर?"

"हो तर!"

"मग बंदोबस्ताला कोण?"

अध्यक्ष जरा चाचरले. "ते... साहेब बघतील. घेतील कुणालातरी बोलावून."

फौजदारांनी नातवाकडे पाहिलं. मग ते अत्यंत दुःखी आवाजात म्हणाले, "अध्यक्ष, वयाचा परिणाम हो, दुसरं काय! बैठकीला कोण कोण होतं ते काही केल्या आठवत नाहीये. आठवायला साधारण पंधरा दिवस लागतील."