तीन-सात आली का?

सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी तारीखवाल्यांनी आपल्या पॅकेजची तीन-सात ही आवृत्ती प्रकाशित केली आणि टेबल आवरायला घेतलं. दुपारची रजा होती. दाढ चार दिवस ठणकत होती, उजवा गाल सुजून टम्म झाला होता. बायकोने दंतवैद्याच्या रिसेप्शनिस्टशी आधी गोड बोलून, मग रागावून आणि शेवटी पुन्हा गोड बोलून आज पाचची वेळ मिळवली होती. ही हुकली तर पुढची सतरा दिवसांनी.

ऑफिसात त्यांना तारीखवाले म्हणत, कारण त्यांचं पॅकेज एवढं एकच काम करी: दुसऱ्यांच्या प्रोग्रामना तारखा आणि वेळा मोजून देणं. जिथे जिथे लोकांना 'अमुक वाजता या' असं सांगितलं जाई, तिथे आत कुठेतरी हे पॅकेज बसलेलं असे. नवी आवृत्ती इंटरनेटवरच्या सार्वजनिक कोठारात ठेवायची, तिथून ज्याचे त्याचे प्रोग्राम ती आपोआप उचलत.

"निघालात?" साहेब म्हणाले. "नववा रकाना रिकामा आहे."

प्रत्येक आवृत्तीसोबत भरायच्या तक्त्यातला नववा रकाना होता 'आवृत्ती प्रकाशित झाल्याची खात्री'. ज्याने प्रकाशित केली त्याचा शब्द इथे चालत नसे. दुसऱ्या दोघांनी कोठाराच्या पानावर नवा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सह्या करायच्या. आवृत्ती नीट चालते का, असाही एक रकाना पूर्वी होता. पण तक्ता एका पानात मावेना, म्हणून तो काढून टाकला.

"झालीये साहेब. माझ्या स्क्रीनवर तसं आलंय."

"तुमच्यावर अविश्वास नाही हो. पण तुम्ही म्हणता म्हणून मी म्हणायचं, याला खात्री नाही म्हणत." साहेबांनी पान उघडलं. "इथे तर तीन-सहाच दिसतंय."

"पान बदलायला वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटं."

वाट पाहणं साहेबांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पान पुन्हा उघडलं, पुन्हा उघडलं, मग दुसरी सही ज्यांची लागे त्या तपासनीस बाईंना उघडायला लावलं. त्यांच्याकडेही तीन-सहाच. साहेब एके काळी स्वतः प्रोग्राम लिहीत, आणि ही गोष्ट ऑफिसला वर्षातून एकदा तरी महागात पडे. त्यांनी बाह्या सरसावून एक छोटासा प्रोग्राम लिहिला. तो दर सेकंदाला कोठाराला विचारी, 'तीन-सात आली का?' एका यंत्राचा काय भरवसा, म्हणून त्यांनी तो ऑफिसातल्या बेचाळीसच्या बेचाळीस संगणकांवर चालू केला.

कोठाराने सहा मिनिटं सोसलं. सातव्या मिनिटाला पानच गेलं आणि तिथे दोन ओळी आल्या: 'या पत्त्यावरून अति विचारणा होत आहे. चोवीस तास प्रवेश बंद.'

"त्यांना वाटलं, आपण हल्ला केला," तपासनीस बाई म्हणाल्या.

"आपण नुसतं विचारत होतो," साहेब दुखावल्या स्वरात म्हणाले.

तारीखवाल्यांनी खिशातून मोबाइल काढला. "हा ऑफिसच्या इंटरनेटवर नाही. यावर दिसेल. हे बघा, तीन-सात."

साहेबांनी मान दुसरीकडे फिरवली. "खाजगी मोबाइलवर दिसलेलं ग्राह्य नाही. ठराव आहे मागच्या वर्षीचा. बैठकीचं टिपण तुम्हीच लिहिलं होतंत."

तारीखवाल्यांना आठवलं. चांगलं सुवाच्य लिहिलं होतं. स्वतःचाच इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

साहेबांनी कोठाराला पत्र पाठवलं. तीन कामाच्या दिवसांत उत्तर देऊ, असं यंत्राचं उत्तर आलं. मग प्रवेश खरोखरच बंद आहे याचीही खात्री करून घ्यावी असं ठरलं, आणि त्यासाठीही दोन सह्या लागल्या. त्या मात्र लगेच मिळाल्या.

साडेचार वाजले. तारीखवाले आता फक्त डाव्या बाजूने बोलत होते. "साहेब, मला जाऊ द्या. दाढेने जीव नकोसा केलाय."

"नवव्या रकान्याचं बघा, मी अडवतोय का?"

तेवढ्यात तारीखवाल्यांचा मोबाइल वाजला. बायकोचा फोन होता, आणि ती इतक्या मोठ्याने बोलत होती की साहेबांनाही ऐकू गेलं.

"अहो, निघालात का? निघू नका. दवाखान्यातून फोन आला होता. सकाळी त्यांच्या प्रोग्राममध्ये काहीतरी आपोआप नवीन आलं म्हणे, आणि सगळ्यांच्या वेळा उधळल्या. तुमचा नंबर पुढच्या वर्षी एकोणतीस फेब्रुवारीला गेलाय."

तारीखवाले खुर्चीत बसले.

"आणि मी कॅलेंडर बघितलं," बायको म्हणाली, "पुढच्या वर्षी एकोणतीस फेब्रुवारी नाहीच आहे. कोण गाढव बनवतं हो असलं काही?"

तारीखवाल्यांनी डाव्या बाजूने नुसतं 'हं' केलं. गाल सुजलेला होता, त्यामुळे ते खपून गेलं.

"एक मिनिट," साहेब पुढे वाकून मोबाइलशी म्हणाले. "वहिनी, काय नवीन आलं ते रिसेप्शनिस्टनं सांगितलं का?"

"तीन-सात म्हणाली. तिच्या स्क्रीनवरच लिहिलंय. मी दोनदा वाचून घेतलं तिच्याकडून."

साहेबांचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा उजळला. त्यांनी तक्ता ओढला आणि नवव्या रकान्यात 'बाहेरील व्यक्तीने प्रत्यक्ष पाहिले' असं लिहून सही ठोकली. दुसरी सही तपासनीस बाईंनी केली.

"अभिनंदन तारीखवाले. आवृत्ती प्रकाशित झालीये," ते पेनाला टोपण लावत म्हणाले. "आता निघा बघू लवकर. पाचची वेळ हुकेल तुमची."