शंभर टक्के अचूक

नागपुरातल्या एका सरकारी इस्पितळात १९८७ साली नवजात बालकांच्या थायरॉइड ग्रंथीची तपासणी मोहीम सुरू झाली. ही ग्रंथी आळशी निघाली तर बाळाची बुद्धी खुंटते. वेळीच रोज एक लहानशी गोळी सुरू केली तर बाळ चारचौघांसारखे वाढते. त्यासाठी टाचेतून रक्ताचा थेंब घेत. मोहिमेचे प्रमुख डॉ. मधुसूदन लाखे यांनी तपासणी शंभर टक्के अचूक असल्याचे वर कळवून टाकले होते.

जयवंताबाईंची मुलगी दोन महिने आधीच जन्मली. तिचा थेंब निर्दोष ठरला. पुढे महिना उलटल्यावर जयवंताबाई तिला घेऊन डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या.

“साहेब, पोरगी रडतच नाही जी. दूध पाजाले बी उठवा लागते. मले भेव वाटून राह्यलं. एकडाव रक्त तपासा ना पुन्हा.”

“बाई, आमचा एकही निकाल आजवर चुकीचा ठरलेला नाही.”

“कसं समजलं जी?”

“दुसऱ्यांदा आम्ही तपासतच नाही.”

डॉक्टर मनाने वाईट नव्हते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा दोष पहिल्या तपासणीत लपू शकतो आणि काही आठवड्यांनी उघडा पडतो, हे त्यांनी स्वतःच समजावून सांगितले. मात्र तोवर बाळ महिन्यापलीकडे जाते आणि मोहीम फक्त नवजातांसाठी होती.

“म्हंजे चुकते तवा तपासता, अन् बरोबर निघन तवा नाही?”

“नियम आहे. लवकर जन्मायची घाई तुमच्या मुलीने केली, आम्ही नव्हे.”

तरी जयवंताबाई हलेनात. अखेर तक्रारीचे निवारण म्हणून डॉक्टरांनी मुलीचे नाव इस्पितळाच्या सुदृढ बालक स्पर्धेत घातले. बाकीची बाळे काट्यावर ठेवताच टाहो फोडून गुण गमावत होती. ही गप्प. सुजलेले गाल गुटगुटीत ठरले, बाहेर डोकावणारी जीभ गोंडस ठरली. वजन कमी भरले, ते शिस्तीच्या गुणांतून भरून काढण्यात आले. पहिल्या क्रमांकावर परीक्षकांचे एकमत झाले. आता पुन्हा रक्त तपासणे हा परीक्षकांचा अपमान झाला असता.

जयवंताबाईंना व्यासपीठावर दोन शब्द बोलायला सांगितले.

“बक्षीस ठेवा जी तुमचं. हिले कोनी तरी रडवा.”

सभागृह खळखळून हसले. टाळ्यांचा कडकडाट झाला, तरी बाळ दचकले नाही. तेव्हा शेजारच्या खुर्चीकडे वळून, “मुलगी असावी तर अशी,” असे कौतुकाने म्हणालात, ते तुम्हीच ना?