साळूआत्या समुद्रावर जाते

एका जंगलात, मुलांनो, एवढी गर्दी झाली होती की शेपटी हलवायची तर आधी शेजाऱ्याला विचारावं लागे. अशा जंगलाला शहाणे लोक महानगर म्हणतात.

तिथे साळूआत्या नावाची एक म्हातारी साळिंदरीण राहायची. "एकदा समुद्रात पाय बुडवायचेत," एवढंच तिचं म्हणणं. पाय दुखत होते. पुढच्या वर्षी ते चालतील याचा भरवसा नव्हता.

जंगलाबाहेरच्या समुद्रावर दर रविवारी सरकारी गाडी जायची. ती हत्ती ओढायचा. सकाळी निघायची, संध्याकाळी परत यायची.

शेजारचे तरसभाऊ आत्याला घेऊन निघाले. तरसभाऊ म्हणजे प्रवासातले जाणकार. गाडी थांबायच्या आत त्यांनी खिडकीतून दोन रुमाल फेकले. रुमाल पडला की जागा आपली. त्या जंगलात सगळे पाळत असा हा एकच कायदा होता.

गाडी समुद्रावर पोहोचली. सुरूच्या झाडांमागे लाटा गाजत होत्या. आत्या उठली.

"कुठे निघालात?" तरसभाऊ ओरडले.

"समुद्रावर."

"आणि परतीची जागा?"

"रुमाल ठेवते की."

"इथे? परक्या गावात? इथले कोल्हे रुमालासकट जागा नेतील! मग याल का उभ्यानं, या पायांनी?"

आत्याने पायांकडे पाहिलं आणि ती परत बसली. तिला पाहून दुसरे बसले, त्यांना पाहून तिसरे. अख्खी गाडी बसून राहिली. फक्त नवं लग्न झालेले दोन ससे उतरून पळत सुटले. आजच्या पिढीला नियोजन म्हणून नाही, यावर गाडीत एकमत झालं.

हत्तीला सोडलं, तसा तोही समुद्रात जाऊन डुंबला. त्याला जागेची काळजी नव्हती.

गाडी दिवसभर उन्हात उभी. सगळ्यांनी आत बसूनच डबे खाल्ले. घाम मात्र हातानेच पुसला, कारण रुमाल जागेवर होते.

"जरा जाऊन येऊ का हो?" आत्या मधूनमधून विचारायची.

"आता कुठे जाता? निघायची वेळ झाली," तरसभाऊ म्हणायचे. हे ते सकाळपासून म्हणत होते. मला त्या तरसाचा फार राग येतो, मुलांनो, पण जाऊ दे.

संध्याकाळी ससे खिदळत आले, ओलेचिंब. जागा नव्हतीच, आत्याजवळ उभे राहिले. सशिणीच्या कानावरून एक थेंब आत्याच्या पायावर पडला.

"अहो, लांब उभ्या राहा!" तरसभाऊ खेकसले.

"राहू दे हो," आत्या म्हणाली. तिने पाय पुसला नाही.

घरी सगळे जमले. "आत्या, कसा होता समुद्र?"

आत्या तोंड उघडणार, तोच तरसभाऊ म्हणाले, "जाताना बसून, येतानाही बसून! तेही खिडकीत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी अर्धं जंगल समुद्रावर निघालं.

तात्पर्य: समुद्र सगळ्यांचा असतो, म्हणून तो पाहिला नाही तरी चालतं. जागा मात्र आपली असते. तेव्हा मुलांनो, सहलीला जाताना टॉवेल विसरलात तरी हरकत नाही, रुमाल विसरू नका.