मॉनिटरची हाताची घडी

बाळांनो, वर्गात मॉनिटर कसा बसतो, सांगा पाहू?

हाताची घडी, तोंडावर बोट. शाब्बास. एका जंगलात यमूताई सायाळ यांनीही अगदी हेच उत्तर दिलं होतं, आणि त्यापायी अख्खं जंगल दिवसभर धावत होतं. ती गोष्ट ऐका. मध्ये बोलायचं नाही. ज्याला आधी कळेल त्याने नुसतं गालात हसायचं.

तर त्या जंगलात एक पाणवठा होता. पाणवठ्याला लागून महाराजांची कचेरी होती. महाराज म्हणजे वाघ. कचेरीत एक कॉम्प्युटर होता आणि तो चालवायला यमूताई होत्या. पाणी प्यायला कुणी केव्हा यायचं, ते त्या कॉम्प्युटरवर टाकत. हरणांनी उजाडताना यायचं, डुकरांनी ऊन चढल्यावर, महाराजांनी दिवस कलताना. महाराजांची वेळ लाल अक्षरांत असे. ती सगळे फार लक्ष देऊन वाचत.

अडचण एवढीच होती, की कॉम्प्युटरचा पडदा लहान, आणि तोही कचेरीच्या आत. वेळ बघायला जो तो खिडकीतून डोकं घालायचा. एकदा दोन सांबरांची शिंगं खिडकीत एकमेकांत अडकली, आणि नेमकी तेव्हाच लाल अक्षरांची वेळ झाली. सांबरं पळाली. खिडकी त्यांच्याबरोबर गेली.

म्हणून महाराजांनी शहरातून एक मोठा पडदा मागवला. तो बाहेरच्या ओट्यावर, पाणवठ्याकडे तोंड करून ठेवायचा. म्हणजे सगळ्यांना लांबूनच दिसेल. पडद्याचं खोकं सकाळी आलं, तेव्हा महाराज झोपायला निघाले होते.

"दिवस कलताना मी पाण्यावर येईन," महाराज म्हणाले. "तेव्हा हा पडदा उजळलेला दिसला पाहिजे. नाही दिसला, तर उजाड माळावर बदली."

"कुणाची, महाराज?" हेडक्लार्क रंगराव गवे यांनी अदबीने विचारलं.

"कुणाची तरी," महाराज म्हणाले आणि जांभई देत गेले.

रंगराव गवे फार कर्तव्यदक्ष. त्यांनी तेवढ्यातच माळावर जायला रेड्याची गाडी सांगून टाकली. आयत्या वेळी गाडी मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

गाडी सांगितलेली ऐकून यमूताईंच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. कॉम्प्युटरला हात लावणारं कचेरीत दुसरं होतं कोण? बदली होणार ती आपलीच. आणि त्यांनी तर नुकतंच नवीन बीळ काढलं होतं. दोन दारांचं. मागच्या दाराशी रताळ्याचे वेल लावले होते, ते आत्ता कुठे जीव धरत होते. उजाड माळावर ना मूळ, ना कंद. तिथे नुसता वारा खायचा.

यमूताईंनी खोकं उघडलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मॉनिटर'.

त्यांना एकदम धीर आला. मॉनिटर म्हणजे काय, हे त्यांना शाळेपासून पाठ होतं. त्यांच्या वर्गाची मॉनिटर एक घोरपड होती. कायम हाताची घडी घालून बसायची. गुरुजींनी तेवढ्यासाठी तिला निवडलं होतं.

खोक्यात विजेची एक जाड वायर होती. ती यमूताईंनी मॉनिटरला लावून भिंतीतल्या बटणाखालच्या भोकांत खोचली. मग दुसरी, बारीक वायर निघाली. तिला दोन टोकं होती, दोन हातांसारखी, अगदी एकसारखी. मॉनिटरच्या पाठीवर दोन खाचा होत्या, त्याही एकसारख्या. यमूताईंनी एक हात या खाचेत घातला, दुसरा हात त्या खाचेत घातला. झकास हाताची घडी झाली. मॉनिटर ओट्यावर शहाण्यासारखा बसला. आत कॉम्प्युटर आपला एकटाच.

आलं लक्षात? हसा गालात. त्यांना सांगायचं मात्र नाही. गोष्ट अजून बरीच आहे.

यमूताईंनी बटण दाबलं. मोठ्या पडद्यावर अक्षरं आली, 'सिग्नल नाही'. मग पडदा काळा झाला. आतल्या लहान पडद्यावर वेगळीच अक्षरं उमटली, 'बाहेरच्या मॉनिटरची ओळख पटत नाही'.

"बंद करून चालू करा," रंगराव म्हणाले.

कचेरीतला हा सगळ्यात जुना उपाय. पंखा अडला की बंद करून चालू. महाराज चिडले की रंगराव कचेरीसुद्धा बंद करून चालू करत. यमूताईंनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मॉनिटर बंद करून चालू केला. रंगरावांनी स्वतःचे डोळे बंद करून चालू केले. पडदा काळाच.

मग झिपरू वानराला बोलावलं. जंगलात उंचावरची सगळी कामं झिपरूकडे असत. बटण दाबल्यावर क्षणभर उमटणारे 'सिग्नल नाही' हे शब्द त्याने वाचले आणि मॉनिटरकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"ताई, याला खाली रेंज मिळत नाही," तो म्हणाला. "वर न्यावं लागेल."

"अरे, पण जपून."

"मी माझ्या पोरांना नेतो की नाही वर?"

"तुझी पोरं तुला धरून ठेवतात, झिपरू. याची बघ, हाताची घडी आहे."

पण झिपरू तोवर मॉनिटर पोटाशी धरून उंबरावर चढला होता. विजेची वायर ताणली गेली आणि भिंतीतून निघून खाली लोंबायला लागली.

"मिळतोय का?" रंगराव खालून ओरडले.

"थोडा डावीकडे जातो."

"आता?"

"इथे वारा छान आहे, साहेब. उंबरंही पिकलीत."

"पडदा काय म्हणतोय?"

"आता काहीच म्हणत नाही. मघाशी नाही-नाही तरी म्हणत होता. गप्प झालाय, म्हणजे सुधारतोय."

सुधारलेला मॉनिटर खाली आला. वायर पुन्हा भिंतीत लावली, तर तो पुन्हा म्हणाला, 'सिग्नल नाही'. झिपरूचं म्हणणं पडलं, की खाली आणला म्हणून बिघडला.

ऊन कलायला लागलं. रेड्याची गाडी येऊन कचेरीसमोर उभी राहिली. रेडा रवंथ करत यमूताईंकडे पाहत होता. त्याची नजर फार प्रेमळ होती, आणि त्यामुळे यमूताईंना जास्तच रडू येत होतं.

"रावसाहेब," त्या म्हणाल्या, "माळावर रताळी येत असतील का हो?"

"माळावर मागच्या वेळी एक खडा आला होता," रंगराव म्हणाले. "पण बाई, थांबा. ही अक्षरं पुन्हा वाचा बघू."

"बाहेरच्या मॉनिटरची ओळख पटत नाही."

रंगराव एकदम ताठ उभे राहिले. "मग हे सकाळीच नाही का सांगायचं? ओळख नाही म्हटल्यावर काम कसं होईल? मला या कचेरीत कोणी घेतलं? माझ्या मामांची ओळख होती. झिपरूला उंबराचं झाड कसं मिळालं?"

"ओळखीने," झिपरू म्हणाला.

"बघा. आणि हा तर बाहेरचा. उपरा. कोण कुठला, काही माहीत नाही. आपला कॉम्प्युटर असा कुणालाही थोडाच उभं करून घेईल?"

हे सगळ्यांना एकदम पटलं. यमूताईंनाही पटलं. त्यांनी डोळे पुसले. ओळख करून देणं हे काही अवघड काम नव्हतं.

झिपरूने एका शेतातल्या उंदराला धरून आणलं. कॉम्प्युटरजवळचा माऊस आपला आतेभाऊ लागतो, असं तो उंदीर सगळीकडे सांगायचा. त्याने माऊसच्या कानाशी लागून मॉनिटरसाठी शब्द टाकला. बराच वेळ बोलला. मग परत आला.

"ऐकून घेतो सगळं," तो म्हणाला, "पण मध्ये मध्ये नुसतं टिक करतो. मोठ्या जागी गेला की असंच होतं माणसाचं."

तेव्हा रंगरावांनी रीतसर कार्यक्रमच करायचा ठरवलं. ओट्यावर रांगोळी काढली. कॉम्प्युटरला शाल घातली, मॉनिटरला शाल घातली. नारळ दोघांच्या डोक्यावर ठेवून पाहिले. मॉनिटरच्या डोक्यावरचा राहीना, म्हणून झिपरूने तो धरून ठेवला. शेजारपाजारचे सगळे जमले. द्वारकामावशी चितळ सगळ्यांत पुढे बसल्या. जंगलातली निम्मी लग्नं द्वारकामावशींनी जमवलेली होती, त्यामुळे ओळख करून देण्याच्या कामात त्यांच्या शब्दाला मान होता.

रंगरावांनी घसा खाकरला.

"हे आमचे कॉम्प्युटर," ते म्हणाले. "स्वभावाने थंड. उन्हाळ्यात थोडे तापतात, पण मनात काही ठेवत नाहीत. पुष्कळदा तर काम केलेलंही ठेवत नाहीत. आणि हे मॉनिटर. शहरातले. चांगल्या खोक्यातले."

"उंची?" द्वारकामावशींनी विचारलं.

"उंची कमी आहे, पण रुंदीला चांगले आहेत," यमूताई म्हणाल्या.

"रंग?"

"सगळे आहेत म्हणे, मावशी. लागेल तो दाखवतात."

"माझ्या थोरल्या जावयासारखं झालं," द्वारकामावशी म्हणाल्या. "बरं, मुलगा काही बोलतो का?"

सगळ्यांनी मॉनिटरकडे पाहिलं. मॉनिटर म्हणाला, 'सिग्नल नाही', आणि काळा झाला.

"लाजतोय," झिपरू म्हणाला.

"लाजत नाहीये. रागावलाय," द्वारकामावशी म्हणाल्या. त्या उठून मॉनिटरच्या मागे गेल्या आणि शाल उचलून बघायला लागल्या. "अगं यमू, हा बघ कसा बसलाय. हाताची घडी घालून. पाहुण्यांच्या समोर असं बसतं का कुणी?"

"मावशी, तो मॉनिटर आहे. तसाच बसतो."

"वर्गात बसतो गं. हा काय वर्ग आहे? ओळख करून देताय ना तुम्ही? मग एक हात तरी सोडव त्याचा, आणि दे त्या दुसऱ्याच्या हातात. नुसत्या शाली घालून कुठे ओळखी होतात?"

यमूताईंना ते बरोबर वाटलं. त्यांनी मॉनिटरचा एक हात हळूच सोडवला. खिडकी गेली होती तिथून तो आत घेतला. कॉम्प्युटरच्या पाठीवर तशीच एक खाच होती. त्यांनी कॉम्प्युटरची शाल जरा बाजूला केली आणि हात त्या खाचेत दिला.

पडदा लखकन उजळला.

पाणवठा लख्ख झाला. हरणांची वेळ दिसली, डुकरांची दिसली. बेडकांनी घाबरून एकदम उड्या मारल्या. झिपरूने हातातला नारळ सोडला, तो रंगरावांच्या पायावर पडला, आणि रंगराव एका पायावर नाचत म्हणाले, "ओळख पटली, ओळख पटली." द्वारकामावशींनी पदर डोळ्यांना लावला. असंच त्यांना प्रत्येक लग्नात होई.

यमूताई तेवढ्या वायरकडे बघत होत्या. मग कॉम्प्युटरकडे. मग मॉनिटरकडे. मग त्यांचे काटे एकेक करून खाली बसले, आणि त्यांचा चेहरा लाल झाला, महाराजांच्या वेळेसारखा.

तेवढ्यात महाराज आलेच. बेडूकसुद्धा गप्प झाले. महाराजांनी पडद्यावर स्वतःची वेळ वाचली, स्वतःशीच मान डोलावली आणि पाणी प्यायले. मग मिशा पुसत विचारलं, "हे कशामुळे झालं?"

"ओळखीमुळे, महाराज," रंगराव म्हणाले. "आमच्या मामांचंही असंच झालं होतं."

यमूताई साध्या होत्या. त्यांना खोटं सहन होत नसे. हात जोडून त्या पुढे झाल्या.

"महाराज, ओळखीचं काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "वायर चुकली होती."

महाराजांनी डोळे बारीक केले.

"कोण चुकली होती?"

"वायर, महाराज. म्हणजे ती लावताना..."

"चुकली होती," महाराज म्हणाले. "दिवसभर?"

"सकाळपासून, महाराज. पण तिचा काही..."

"रंगराव, गाडी कुणासाठी उभी आहे?"

रंगरावांनी गाडीकडे पाहिलं. सांगितलेली गाडी रिकामी पाठवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी यमूताईंकडे पाहिलं. मग वायरकडे पाहिलं.

"चुकलीय तिच्यासाठी, महाराज."

"मग बसवा तिला. सकाळी निघू दे." महाराजांनी जांभई दिली. "आणि या बाईंचा सत्कार करा. चूक कुणाची हे इतकं स्पष्ट सांगणारं आपल्याकडे कोणी नव्हतं."

टाळ्या सुरू झाल्या. यमूताई रंगरावांच्या कानाशी गेल्या.

"रावसाहेब, अहो, चूक माझी होती. आणि वायर गेली तर पडदा..."

"बाई," रंगराव हळूच म्हणाले, "बिळाला दोन दारं आहेत ना?"

"आहेत."

"वेल धरलेत?"

"धरलेत, पण..."

"मग टाळ्या वाजवा."

यमूताईंनी रेड्याकडे पाहिलं. रेडा अजून तितक्याच प्रेमाने पाहत होता. त्यांनी एकदा वायरकडे पाहिलं. वायरचा एक हात मॉनिटरच्या हातात होता आणि दुसरा कॉम्प्युटरच्या, अगदी छान जुळून. मग यमूताईंनी मान खाली घातली आणि टाळ्या वाजवल्या. त्यांच्या टाळ्यांबरोबर काटेही खुळखुळले, म्हणून त्यांच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या ऐकू आल्या. कॉम्प्युटरच्या अंगावरची शाल काढून रंगरावांनी त्यांनाच घातली. ती गरम होती.

तात्पर्य : नेहमी खरं बोलावं. फक्त सुरुवात वायरपासून करावी, म्हणजे आपल्यापर्यंत यायच्या आत टाळ्या होतात.

तात्पर्य झालं तरी तुम्ही उठत नाही. पुढे काय झालं ते हवंच ना? बरं, ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वायरला घेऊन उजाड माळावर गेली, पाणवठ्यावरचा पडदा काळा झाला, आणि यमूताई वेळेवर कामावर आल्या.