मुकुटबनची पहिली ओळ

आमच्या ऑफिसात 'ठीक आहे' म्हणायला बंदी आहे. तसा फलक कुठे लावलेला नाही, पण नवीन माणसाला दोन दिवसांत कळतं. एकदा आमच्या चौकीदाराने उत्तमभाऊंना सहज सांगितलं, "सगळं ठीक हाये, साहेब." उत्तमभाऊंनी गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "ठीक हाये हे तुह्यं मत झालं. मले मत नको. गेट किती वाजता उघडलं, कुत्रे किती आत आले, नळाले पाणी हाये का नाही, ते सांग." चौकीदाराने सगळं सांगितलं. कुत्री तीन निघाली. तेव्हापासून उत्तमभाऊंची गाडी वळणावर दिसली की तो आधी आवारात एक फेरी मारून येतो.

हा नियम ते स्वतःलाही लावतात. "कसे आहात?" असं त्यांना विचारायची चूक मी पहिल्याच दिवशी केली. उत्तर आलं, "झोप साडेपाच तास. डावा गुडघा दुखून राह्यला, उजवा नाही. सकाळी पोहे खाल्ले, मीठ कमी होतं." एवढं सांगून ते थांबले, आणि माझ्या लक्षात आलं की आता माझी पाळी आहे. मीही झोपेचे तास सांगून टाकले.

उत्तमराव ढवस आमच्या जिनिंग कंपनीचे डेटाबेसवाले. वय पन्नाशीच्या पुढे, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटा टेस्टर, लोहाऱ्यात भाड्याची एक खोली. लग्न केलं नाही. का नाही, ते विचारायची सोय नव्हती. मी दारव्ह्याची, पुण्यात तीन वर्षं नोकरी करून परत आले आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या या ऑफिसात त्यांच्या हाताखाली लागले. पुण्याची हवा माझ्या डोक्यात होतीच, हे आधीच कबूल करते.

काम समजायला सोपं आहे. मारेगाव, मुकुटबन अशी आमची कापूस खरेदीची केंद्रं. प्रत्येक केंद्रावर गाड्या तोलायचा मोठा काटा. गाडी काट्यावर चढली, वजन झालं, की तिथल्या कॉम्प्युटरमध्ये एक ओळ तयार होते: वेळ, गाडी, वजन. त्या ओळीची जशीच्या तशी नक्कल काही सेकंदांत लोहाऱ्याच्या मोठ्या साठ्यात उमटली पाहिजे. त्या साठ्याला पुस्तकात डेटा वेअरहाऊस म्हणतात आणि नक्कल उमटवण्याला रेप्लिकेशन. उत्तमभाऊ साठ्याला कोठी म्हणतात आणि रेप्लिकेशनला वाहतूक.

ही वाहतूक त्यांनी एकट्याने उभी केली. त्याच्या कथा ऑफिसात अजून सांगतात. मारेगावच्या जुन्या नोंदी इतक्या होत्या, आणि तिथली लाइन इतकी रडकी, की सुरुवातीची नक्कल लाइनवरून पाठवायला महिना गेला असता. उत्तमभाऊंनी ती हार्डडिस्कमध्ये भरली, टॉवेलात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं, टॉवेलात काय आहे? हे म्हणाले, "मारेगाव." नक्कल कुठल्या ओळीपर्यंत घेतली तो आकडा त्यांनी उजव्या तळहातावर लिहिला होता, कारण पुढची वाहतूक बरोबर तिथूनच सुरू व्हायला हवी, एक ओळ मागे धरली तर नोंद दोनदा, एक पुढे धरली तर गायब. कागद हरवतो, हात हरवत नाही, असा त्यांचा हिशेब. करंजीच्या स्टँडवर त्यांनी भजी खाल्ली तीसुद्धा डाव्या हाताने, आणि लोहाऱ्याला येईपर्यंत हात धुतला नाही.

पुढे हेच मारेगाव दर गुरुवारी सव्वादहाला बंद पडायला लागलं. दहा मिनिटं ओळी येत नसत, मग आपोआप सुरू. मी असते तर इथे बसून चार सेटिंग बदलली असती. उत्तमभाऊ बुधवारी रात्रीच मारेगावला मुक्कामाला गेले आणि सकाळी काट्याच्या खोलीत नुसते बसून राहिले. सव्वादहाला तिथल्या ऑपरेटरने मॉडेमची पिन काढली, त्या जागी फोटोभोवतीची दिव्यांची माळ लावली, मनोभावे पूजा केली आणि पिन परत लावली. उत्तमभाऊंनी त्याला एका शब्दाने टोकलं नाही. बाजारातून एक एक्स्टेंशन बोर्ड आणून दिला आणि प्रसाद घेऊन परत आले.

वाहतूक चालू आहे की नाही, हे पाहायची त्यांची पद्धत म्हणजे सलामी. रोज सकाळी पहिली गाडी यायच्या आधी प्रत्येक केंद्राने काट्यावर ठरलेली एक वस्तू चढवायची, वजन करायचं आणि ओळ पाठवायची. मारेगाव आपली जीप चढवतं, लोहाऱ्याचा काटा पाण्याचा टँकर. ओळ कोठीत पोचली, की तिकडे काट्याच्या खोलीवर हिरवा दिवा लागतो. हा दिवा सगळीकडे आपोआप लागतो. मुकुटबनचा मात्र उत्तमभाऊ स्वतः कळ दाबून लावतात. तोपर्यंत त्यांचा चहा टेबलावर तसाच असतो. मुकुटबनची सलामी आली, कळ दाबली, की पहिला घोट. मला ते हास्यास्पद वाटायचं. करायच्या सुधारणांची मी एक यादी केली होती, त्यात पहिलंच कलम होतं 'मुकुटबनचा दिवा'.

त्या यादीतलं दुसरं कलम मी एका शनिवारी संध्याकाळी पूर्ण करून टाकलं. मालकांना सरासरी गाडीचं वजन हवं होतं आणि मुकुटबनचा आकडा दर वेळी कमी निघायचा. खाली पाहिलं तर काही ओळी शंभर किलोच्याही आतल्या. शंभर किलोची कापसाची गाडी कुठे असते का? कचरा असणार, म्हणून मी वाटेवर एक गाळणी बसवली: शंभरच्या आतलं काही कोठीत येऊ द्यायचं नाही. त्या ओळी उघडून पाहिल्या नाहीत. उत्तमभाऊंनाही सांगितलं नाही, कारण त्यांनी तीन दिवस प्रश्न विचारले असते.

सोमवारी सव्वानऊला मारेगावची जीप आली, लोहाऱ्याचा टँकर आला. मुकुटबन आलं नाही. साडेनऊ झाले. उत्तमभाऊंनी लाइन तपासली, चालू. वाहतूक तपासली, चालू. तुंबलेलं काही नाही. मुकुटबनहून एकही ओळ मात्र येत नव्हती, सलामी नाही आणि गाड्याही नाहीत. सीझनचा सोमवार होता. त्यांनी तिथल्या काट्यावरच्या गजाननला फोन लावला. स्पीकरवर मागे ट्रॅक्टरांचा आणि माणसांचा कालवा ऐकू येत होता.

"गजानन, सलामी काहून नाही आली?"

"ठीक हाये साहेब, सगळं ठीक हाये. गर्दी हाये, ठेवतो."

फोन बंद झाला. परत लावला तर उचलला नाही. मला वाटलं आता ते चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांचा चेहरा असा उतरला की मी खुर्चीवरून उठले. ते हेल्मेट शोधत होते, आणि हेल्मेट त्यांच्या समोरच होतं.

"मी मुकुटबनले जातो," ते म्हणाले.

"लाइनसाठी? अहो, शंभर किलोमीटर आहे. गजानन म्हणाला ना..."

"गजानन काय म्हणाला? ठीक हाये म्हणाला." ते परत खुर्चीत बसले. "माहे बाबा आजारी होते तवा मी नागपूरले ट्रेनिंगले गेलतो. दोन दिवस फोन करून राह्यलो, अन् माय म्हणे ठीक हाये. पोराचं शिक्षण बुडू नये म्हणून म्हणे. तिसऱ्या दिवशी मी पोचलो तं सगळं झालं होतं. तवापासून मायनं फोन कानाले लावला नाही. म्हणते, त्या डबड्यात माह्या तोंडून खोटं निघते."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"इथं आणली होती एकदा. आठ दिवसांत परत गेली, शेत कोण पाह्यन म्हणे. घर काट्याच्या बाजूलेच हाये. मंग मी गजाननले म्हटलं, मुकुटबनची सलामी म्हणून मायलेच चढव. रोज सकाळी येते, काट्यावर उभी राह्यते. पोरी, मुकुटबनची पहिली ओळ माही माय असते. चाळीस किलो."

चाळीस. चाळीस म्हणजे शंभरच्या आत.

"उत्तमभाऊ, मी शनिवारी गाळणी लावली," मी म्हणाले. "शंभरच्या आतलं अडवायला. तुम्हाला सांगितलं नाही."

एवढं एक बरं, की गाळलेल्या ओळी मी फेकून दिल्या नव्हत्या. बाजूच्या एका तक्त्यात जमा होत होत्या. तो उघडताना दोनदा पासवर्ड चुकला. रविवारी काटे बंद असतात, त्यामुळे आत एकच ओळ होती. वेळ नऊ वाजून सात मिनिटं. गाडी: आई. वजन: चाळीस.

उत्तमभाऊंनी पडद्याला नाक लावून ती ओळ वाचली. बोटाने वेळेवर एकदा टेकलं. मग इतका मोठा श्वास सोडला की माझाही मोकळा झाला. मी गाळणी काढली, ओळ कोठीत सोडली आणि त्यांनी कळ दाबली. भिंतीवरच्या घड्याळात दहाला दहा कमी होते.

पाच मिनिटांत मुकुटबनच्या गाड्यांच्या ओळी धडाधड यायला लागल्या आणि गजाननचाच फोन आला.

"साहेब, उतरली हो आजी. पाऊण तास काट्यावरून उतरून नाही राह्यली. मांगं गाड्यांची लाइन पार रोडपर्यंत. म्हणे, दिवा नाही लागला, माह्या पोराले काहीतरी झालं, तुम्ही लपवून राह्यले. मी म्हटलं आजी, सगळं ठीक हाये. तं म्हणे, ठीक हाये मले सांगू नको. तुमचा फोन आला तवा मॅनेजर बाजूलेच उभे होते, तुम्हाले काय सांगू?"

"पाऊण तास उभी होती?"

"नाही, मंग खुर्ची देल्ली ना. खुर्चीसकट बसली काट्यावर."

उत्तमभाऊ हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. मलाही हसू येत होतं आणि सुटल्यासारखं वाटत होतं, आणि लाजही वाटत होती. इकडे हे तिच्यासाठी हेल्मेट शोधत होते, तिकडे ती यांच्यासाठी अख्खं खरेदी केंद्र अडवून बसली होती, आणि मधे माझी गाळणी.

मी माफी मागितली. नुसती माफी पुरेशी वाटेना, म्हणून म्हटलं, "उत्तमभाऊ, मुकुटबनचा दिवा मी आजच आपोआप करून देते. ओळ आली की लागेल. असा घोळ परत होणार नाही."

त्यांनी चष्मा लावला. "लागन ना. मी नसलो तरी लागन. मंग तिले कसं कळन?"

माझी यादी मी त्याच दिवशी फाडली.

टेबलावरचा चहा केव्हाचा गार झाला होता, वर साय धरली होती. मी म्हटलं, थांबा, दुसरा मागवते. त्यांनी कप उचलला, साय बोटाने बाजूला केली आणि एक घोट घेतला.

"राहू दे पोरी," ते म्हणाले. "ठीक हाये."