खिडकीतले खवले

वाळवी लागते ती दुसऱ्यांच्या घराला! हे मी छाती ठोकून सांगत आलो आहे आणि उगाच नाही सांगत. सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांनी स्वस्तातलं फर्निचर केलं, तेव्हा मी एकट्याने सागवान केलं. अस्सल सागवान! बेडरूमची अख्खी भिंत व्यापणारं कपाट, थेट वरच्या लॉफ्टपर्यंत. सुतार जाताना म्हणालासुद्धा, "मिथुनशेठ, तुमची नातवंडं वापरतील."

तळमजल्यावरच्या शिवाकाकांच्या घराला वाळवी लागली तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. भिंतीवर मातीच्या रेघा दिसतात, लाकूड वाजवलं की पोकळ आवाज येतो, वगैरे. फोनवर व्हिडिओ बघून गेलो होतो. काका बिचारे म्हणाले, "अरे, औषध मारणारा कोणी असला तर सांग." मी म्हटलं, "काका, औषध कशाला? लाकूड घेतानाच बघून घ्यायचं!" सगळे उठून चहाकडे वळले. पटलं असणार.

तर एके सकाळी ऑफिसला निघताना मी हॉलच्या खिडकीशी आलो आणि थबकलो. खिडकीच्या कट्ट्यावर, खालच्या फरशीवर, सगळीकडे पातळ, पारदर्शक, चमचमणारे खवले! पसाभर तरी असतील.

आमची माणसं दिवाळ्याची, म्हणजे खाडीकाठच्या दिवाळे गावातल्या कोळीवाड्याची. आईने आयुष्यभर मासळी विकली. आमच्या घरात खवला कोणी ओळखायला शिकत नाही, तो जन्मतःच ओळखता येतो. मी तिथूनच ओरडलो, "आई! खिडकीत मासळी साफ केलीस?"

आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. "कोन? मी?"

"मग काय मी? बघ हे खवले! गेल्या आठवड्यातच रंग दिलाय या खिडकीला!"

"मिथुन्या, उभ्या जल्मान मी मोरीशिवाय मासली साफ केली नाय. आन् काल तर घरान मासलीच आनली नाय!"

"मग खवले काय उडत आले?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी अगदी बरोबर बोललो होतो, पण त्याचं श्रेय मला आजतागायत कोणी दिलेलं नाही.

आई तशी शांत बाई. पण मासळीच्या बाबतीत कोणी तिच्या स्वच्छतेवर बोट ठेवलं की संपलं. तिचा चेहरा लालबुंद झाला. "मना घान बोलतस? मना? ज्या बाईच्या पाटीवर कदी माशी बसली नाय, तिला?" तिने पिशवीत दोन लुगडी कोंबली, चपला घातल्या आणि दारात उभी राहून जाहीर केलं, "मी चालली जागृतीकरं. बारशाला पालना घेऊन येशील तवा माफी मागूनच ये. नायतर येऊच नको!"

जागृती म्हणजे माझी धाकटी बहीण, तिला दिवाळ्यातच दिलेली. तिला दुसरी मुलगी झाली होती आणि येत्या रविवारी बारसं होतं. पाळणा आमच्या घरचा, आईच्या आईचा. त्यात आम्ही दोघं भावंडं झोपलो, जागृतीची थोरली झोपली. दर बारशाला तो मामाने डोक्यावरून न्यायचा अशी आमच्याकडची पद्धत. आता मामा मी आणि पाळणा आमच्या लॉफ्टवर. म्हणजे माफी मागितल्याशिवाय भाचीचं नाव ठेवायला जायची सोय नाही. आणि माफी कशाची? मी खरं बोललो त्याची?

"जा, आणा त्यांना परत," माझी बायको रंजिता म्हणाली.

"पुरावा आहे माझ्याकडे!" मी म्हटलं. आणि खवले एका बशीत गोळा करून त्यांचा फोटो काढला आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हे खवले कुठल्या मासळीचे? खरं सांगा.'

ऑफिसात पोचेपर्यंत फोन गरम झाला होता. जागृतीचा नवरा प्रीतम म्हणाला, बोईट. त्याचा चुलता म्हणाला, बोईटाचा खवला गोल असतो, हा लांबट आहे, ही पालू असणार. दोघांची जुंपली. शेवटी आईचे भाऊ पोपटमामा उतरले. मामांनी जन्मभर खाडीत होडी घातली, त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "पोरांनो, ही मासली मी कदी बगली नाय. खोल पान्यातली दिसतंय. मिथुन्या, कुठं गावली? किती किलोची व्हती?"

त्यावर प्रीतमने विचारलं, "मिथुनदादा, अजून आहे का? बारशाला आणा."

म्हणजे बघा! मी न्याय मागायला गेलो आणि माझ्याकडून मासळीची ऑर्डर घेतली गेली.

संध्याकाळी संतापातच घरी आलो तर बेडरूमच्या भिंतीवर नवीन भानगड. कपाटाच्या बाजूने वर लॉफ्टपर्यंत मातीचा एक ओघळ गेलेला. ओल्या मातीची, बोटाएवढी जाड रेघ. मला लगेच कळलं. वरच्या मजल्यावरच्या सुगतदादांना कुंड्यांचा भारी शौक. त्यांच्या झाडांचं गढूळ पाणी माझ्या भिंतीत झिरपत होतं! मी त्यांना खाली बोलावून घेतलं. रीतसर, म्हणजे जिन्यातून ओरडून.

सुगतदादा लुंगीवरच आले. त्यांनाही राग आला होता. "माझ्या कुंड्या गॅलरीत. तुमची बेडरूम दुसऱ्या टोकाला. पाणी काय रिक्षा करून आलं?"

"मग ही माती कुठून आली? आकाशातून?"

"जमिनीतून वर गेलीय, मिथुनराव. वरून खाली नाही. नीट बघा की!"

"तुम्ही मला शिकवू नका!"

"शिकवत नाही, दाखवतोय!" असं म्हणून त्यांनी तावातावाने माझ्या कपाटावर कोपर टेकवलं, आणि कोपर आत गेलं.

आत म्हणजे आत! माझ्या अस्सल सागवानात! सुगतदादांचा हात दंडापर्यंत कपाटात आणि चेहऱ्यावर शेजाऱ्याची काच फोडल्यासारखा भाव. त्यांनी हात बाहेर ओढला तशी भुश्शासारखी माती घरंगळली, आणि मातीबरोबर पांढरट किडे. वळवळ वळवळ! रंजिता पलंगावर चढली. मीही चढलो, पण तिला आधार द्यायला.

"वाळवी," सुगतदादा हळूच म्हणाले.

"शक्य नाही! हे सागवान आहे!"

"आणि ते बशीतले काय आहेत?" त्यांनी ड्रेसिंग टेबलाकडे बोट दाखवलं. पुरावा मी तिथे जपून ठेवला होता. "पंख दिसतात. पावसाच्या तोंडावर वाळवीला पंख फुटतात. उजेडाला येतात, पंख गाळतात आणि लाकडात शिरतात."

मला आदल्या संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती फिरणारे किडे आठवले. मीच लाइट बंद करून टाकला होता. आता, पंखांचा भाग त्या व्हिडिओत अगदी शेवटी होता. आणि व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो कोण?

मी थेट सुताराला फोन लावला. "अरे, सागवान म्हणाला होतास ना?"

"सागवानच आहे, शेठ."

"मग वाळवी कशी लागली?"

"वरून सागवान आहे, शेठ. पातळ थर असतो ना, तो."

"आणि आत?"

"आत प्लायवूड. आत कोण बघतो, शेठ?"

ऐकलंत? आत कोण बघतो! वाळवीने बघितलं ना! सोसायटीत फक्त तिनेच बघितलं!

मग मी जे केलं ते कोणीही केलं असतं. झुरळांचा स्प्रे आणला आणि अख्खा डबा भिंतीवर मारला. मातीची रेघ झाडूच्या दांड्याने खरवडून टाकली. सगळं स्वच्छ! मी रंजिताला म्हटलं, "बघ, संपला विषय." दोन दिवसांनी विषय हॉलमध्ये टीव्हीच्या मागे निघाला.

शेवटी शिवाकाकांकडे गेलो. औषध मारणाऱ्याचा नंबर मागितला. काकांनी दिला, पण आधी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, "का रे? लाकूड बघून घेतलं नव्हतंस?"

औषधवाला अंकुश आला. भिंत आणि फरशी मिळते तिथे ओळीने भोकं पाडायला लागला. माझ्या कपाळातच पाडतोय असं वाटत होतं. प्रत्येक भोकात औषध सोडायचं, मग सिमेंटने बुजवायचं. काम करता करता त्याने स्प्रेचा डबा पाहिला. "हा मारला? याने वरच्या मेल्या, बाकीच्यांनी रस्ता बदलला. रेघ मोडली म्हणजे वाळवी जात नाही, साहेब." मग त्याने कपाटामागे टॉर्च मारला. "आणि हे काय साठवलंय?"

तिथे टीव्हीचा खोका, मिक्सरचा खोका, जुन्या कूलरचा खोका, असे खोके रचलेले होते. त्याच्या शेजारी बाथरूमच्या भिंतीला आलेली ओल.

"पुठ्ठा आणि ओल! तुम्ही तर त्यांना जेवण आणि पाणी दोन्ही दिलं!"

"मी सांगत होते फेका म्हणून!" रंजिता म्हणाली.

"वॉरंटीला खोका लागतो!" मी ओरडलो.

"कूलर भंगारात देऊन झाला, अहो!"

मला मात्र वेगळीच धडकी भरली. कपाट खाल्लं, लॉफ्टची फळी खाल्ली. पाळणा लॉफ्टवर! आईच्या आईचा पाळणा! रागबीग सगळा जिरला. पाळणा गेला तर मी आईला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? मी शिडी ओढली आणि वर चढलो. वर बघतो तर आईने पाळणा लॉफ्टच्या छताला कड्यांनी टांगून ठेवलेला. ना भिंतीला टेकलेला, ना फळीला. मातीची रेघ त्याच्या खाली येऊन थांबली होती. मी पाळण्याचा एकेक दांडा वाजवला. टणटणीत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. औषधाने असेल.

रविवारी पाळणा डोक्यावर घेऊन दिवाळ्यात शिरलो. बाया दारादारांतून बघत होत्या. जागृतीच्या अंगणात मांडव, पाहुण्यांची गर्दी. मी पाळणा उतरवला आणि सगळ्यांसमोर आईच्या पाया पडलो. "चुकलो आई. ते खवले नव्हते. पंख होते. वाळवी लागलीय घराला."

आईने पाळण्यावरून हात फिरवला. मग माझ्या डोक्यावरून. "येडा रं येडा. जा, आत हातपाय धू."

झालं! सगळं गोड झालं होतं. इथे गोष्ट संपायला काय हरकत होती? पण नाही!

मी आत गेलो. बाहेर बायकांनी पाळण्याभोवती कडं केलं. बाळाची आत्या सई कानात नाव सांगायला वाकली. नाव 'मैत्री' ठरलं होतं, पण ते कोणालाच सांगितलेलं नव्हतं. सगळा मांडव चिडीचूप झाला, कान देऊन. आणि त्याच क्षणी मला आतल्या खोलीच्या खिडकीत दिसले पातळ, पारदर्शक, चमचमणारे...

या वेळी मी फसणार नव्हतो! पाळण्यापर्यंत पोचायच्या आत त्यांना गाठायला हवं होतं! मी पूर्ण ताकदीने ओरडलो, "वाळवी! वाळवी! वाळवी!"

बाहेर सई दचकली आणि तिच्या तोंडून नुसतंच "कुर्रर्र!" निघालं. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. आणि पोपटमामा, ज्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, हात वर करून म्हणाले, "वालवी! वा! झकास नाव हाय! नवीन दिसतंय!"

"पालवी असतंय ना, तसा," कोणीतरी म्हणालं.

"वालवी गो वालवी!" बायकांनी पाळणा हलवला. घुगऱ्या वाटल्यासुद्धा!

मी धावत बाहेर आलो. "अरे, नाव नाही ते! खिडकीत वाळवी आहे! पंख पडलेत!"

सगळे खिडकीशी गेले. आईने एक पंख उचलला, उजेडात धरला, माझ्याकडे बघितलं. "मिथुन्या, यो बोईटाचा खवला हाय."

"बोईटाचा? खिडकीत?"

"मोरीन बायांची गर्दी व्हती. मीच हितं बसून साफ केली. तुज्यासाटीच आनली रं, तुना आवडतं म्हनून."

म्हणजे करते! आई खिडकीत मासळी साफ करते! मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो! पण ऐकायला कोणी उभं नव्हतं. सगळा मांडव हसून लोळत होता. जागृती तेवढी रडत होती, आणि हसतही होती.

जन्मदाखल्यावर मैत्रीच आहे, मी स्वतः जाऊन खात्री करून घेतली. पण दिवाळ्यात त्या नावाने हाक मारली तर पोरगी मान वळवत नाही. आणि मी गावात पाऊल टाकलं की पहिल्याच ओट्यावरून आवाज येतो, "अरे, बगा बगा, वालवीचा मामा आयला!"