एकाहत्तर खाटांचा लोकवाटा

पहिल्या मजल्यावरच्या सात नंबरच्या खोलीत मोजणीबाई गुडघ्यांवर बसल्या आणि गालिच्यावरून तळहात फिरवू लागल्या.

"बाई, काही पडलं का तुमचं?" दारात उभ्या असलेल्या मॅनेजरनं विचारलं.

"माझं नाही, तुमचं हरवलंय. इथं खाट होती."

"छे हो! इथं कुठली खाट?"

"मग हे चार खड्डे कसले?"

मॅनेजरनं त्या खड्ड्यांकडे असं पाहिलं, की जणू ते आत्ताच पडले होते. "इथं पाहुणे व्यायाम करतात," तो म्हणाला.

"चार पायांवर?"

बाईंनी वहीत आकडा लिहिला आणि त्या आठ नंबरच्या खोलीकडे वळल्या.

गाव होतं टेकडीवरचं, थंड हवेचं. मधोमध तळं आणि तळ्याभोवती दाटीवाटीनं हॉटेलं. इतर गावांत घरपट्टी असते, पाणीपट्टी असते. इथं त्याशिवाय खाटपट्टी होती. हॉटेलात जितक्या खाटा, तितकी पट्टी. नगरपालिकेचा सगळा संसार या खाटांवरच चालायचा. सीझनच्या तोंडावर एक दिवस वसुली विभागातल्या या बाई वही काखेत मारून गावभर फिरत आणि प्रत्येक खाट मोजत. बारा वर्षं हे काम केल्यावर त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. दरवर्षी मोजणीच्या दिवशी गावातल्या आठ-दहा खाटा गायब व्हायच्या, कुणाच्या गच्चीत निघायच्या, कुणाच्या गॅरेजमध्ये. बाई त्या शोधून काढायच्या. चिडून वगैरे नव्हे; दुसऱ्या कुणी शब्दकोडं सोडवावं तितक्या मजेत.

या वर्षी मात्र प्रकरण गळ्याशी आलं होतं. गावात पाहुण्यांना झोपायला जागा होती, पण त्यांची अंथरुणं घालणाऱ्यांना नव्हती. खोल्यांची भाडी ऐकून वेटर, धोबी, माळी सगळेच्या सगळे टेकडीखाली राहायचे आणि दीड तास बसनं वर यायचे. त्यांच्यासाठी नगरपालिकेनं चोवीस घरं बांधली होती. बहुतेक पैसे सरकार हप्त्याहप्त्यानं देत होतं, पण शेवटच्या हप्त्याला अट होती: नगरपालिकेनंही आपला वाटा घालायचा, आणि तो वाटा म्हणजे चारशे खाटांची पट्टी. तो भरला तरच हप्ता, आणि हप्ता आला तरच नळ आणि वीज. मुदत आज संध्याकाळची होती.

त्यासाठी नगराध्यक्षांनी सभेत खाटपट्टी दुप्पट करून घेतली होती. "जे हात पाहुण्यांची अंथरुणं घालतात, त्या हातांना स्वतःचं अंथरूण नको?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा टाळ्या थांबेनात. ठराव एकमतानं पास झाला. घरी जाताना जिना उतरता उतरता अध्यक्षांना आठवलं, की गावातलं सगळ्यात मोठं हॉटेल आपलंच आहे.

बाई आत्ता गालिचे तपासत होत्या ते हेच हॉटेल. आणि त्यांच्या नवऱ्याचं स्वयंपाकघरही हेच. आचारीबुवा इथं सात वर्षं नोकरीला होते आणि सात वर्षं पिठाच्या पोत्यांशेजारी झोपत होते. बाई टेकडीखाली एका खोलीत राहायच्या. आचारीबुवांची सुट्टी बुधवारी, बाईंची रविवारी. लग्न झालेल्या माणसांची गाठ पडावी तर ती शेवटच्या बसच्या थांब्यावर! दोन महिन्यांपूर्वी चोवीस घरांची सोडत निघाली, आणि एकोणीस नंबरच्या चिठ्ठीवर आचारीबुवांचं नाव आलं. तेव्हापासून बाई पडद्याचं कापड घेऊन ठेवून बसल्या होत्या.

जाताना त्या स्वयंपाकघरात डोकावल्या. आचारीबुवा कमरेवर हात ठेवून वाकडे उभे होते.

"अहो, काय झालं कमरेला?"

"कणीक जरा जास्त मळली."

"कणीक मळून कंबर धरते?"

"पुष्कळच होती," असं म्हणून आचारीबुवांनी झाकण उचललं आणि वाफेत तोंड लपवलं.

तीन वाजता बाई अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेल्या. "साहेब, तीनशे अडतीस."

"काय तीनशे अडतीस?"

"खाटा. गेल्या वर्षी चारशे नऊ होत्या."

अध्यक्षांनी उसासा सोडला. "मंदी आहे हो बाई."

"मंदीत पाहुणे कमी होतात, साहेब. खाटा कशा कमी होतील?"

"लाकूडच हल्ली टिकत नाही," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी तेवढ्यात चहा मागवला. "तुम्ही काळजी करू नका. चारला तपासणी अधिकारी येतायत ना? वही बघतील, मी त्यांना समजावतो. मुदत वाढवून घेऊ."

"आणि नाही वाढली तर?"

"तर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! बाईंच्या डोळ्यांपुढे ते पडद्याचं कापड आलं. पण त्या डोळे पुसत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. अजून एक तास होता. त्यांनी तो सगळ्या गच्च्या, गॅरेजं आणि बोटक्लबची शेड पालथी घालण्यात घालवला. एक खाट मिळेल तर शपथ.

बरोबर चारला अधिकारी आले. किडकिडीत, पोटाशी फाइल धरलेले, हसण्यासाठी वेगळी परवानगी लागत असावी असे. त्यांनी वही पाहिली, आकडा पाहिला, चहाला नको म्हटलं आणि उठले. "चला, घरं बघू."

अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. "घरं? घरं कशाला? तुम्ही वही बघणार होतात ना?"

"पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय."

आता अध्यक्षांची सही प्रत्येक पत्राखाली असायची, पण नजर पहिल्या पानावरही क्वचितच असायची. "आधी तळ्यात एक फेरी मारू या का?" ते म्हणाले. "ऊन छान पडलंय."

"मला पाण्याची भीती वाटते."

"मग गरम भजी तरी…"

"मला पित्त आहे."

"किल्ल्या हरवल्यात हो घरांच्या!"

"दुसरा जुडगा माझ्याकडे आहे साहेब," बाई मदतीच्या भावनेनं म्हणाल्या. अध्यक्षांनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचा अर्थ बाईंना त्या वेळी काही लागला नाही.

तो पंधरा मिनिटांनी लागला. एक नंबरचं दार उघडलं, आणि समोर भिंतीला टेकवून तीन खाटा! शेजारी गाद्या, गाद्यांवर उश्या. दोन नंबरमध्ये चार. तीन नंबरमध्ये तर एक आरामखुर्चीही होती. बाई तोंड वासून बघत राहिल्या. सकाळपासून ज्यांच्यासाठी गाव धुंडाळलं, त्या खाटा या गरिबांच्या घरांत सुखानं पहुडल्या होत्या.

अधिकाऱ्यांनी फाइल उघडली. "वाटपाआधीच माणसं राहायला घातलीत? सरळसरळ नियमभंग आहे. मी योजना थांबवावी असा शेरा मारतोय."

इथं कुणीच राहत नाही, या हॉटेलांतून लपवलेल्या खाटा आहेत, असं बाई सांगू शकत होत्या. लपवलेल्या खाटेला तिप्पट दंड होता. पण दंड म्हणजे नोटीस, नोटीस म्हणजे सुनावणी, सुनावणी म्हणजे वकील. आणि मुदत तर संध्याकाळीच संपत होती. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांच्या कपाळावर घाम होता. गप्प राहावं तर चोवीस घरं बुडाल्याचा ठपका, बोलावं तर तिप्पट दंड.

"राहत नाही हो कुणी!" अध्यक्ष एकदम ओरडले. "या खाटा आम्ही… दिल्यात."

"कुणी दिल्यात?"

"गावानं. म्हणजे हॉटेलवाल्यांनी. आमच्या कामगारांना. घर दिलं आणि खाली जमिनीवर झोपवलं, तर कसं दिसतं ते?"

अधिकाऱ्यांनी एक उशी उचलली. अभ्र्यावर अध्यक्षांच्याच हॉटेलचा शिक्का होता. दुसरीवर तळ्याकाठच्या लॉजचा. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. "खरंच की. म्हणजे हा लोकवाटा झाला."

"लोक… काय?"

"लोकवाटा. लोकांनी आपणहून दिलेल्या वस्तू. नगरपालिकेच्या वाट्यात पैसे कमी पडले, तर नियमाप्रमाणे त्यांची किंमत धरता येते. तुमच्या बासष्ट खाटांची पट्टी कमी आहे. इथल्या वीस खाटांच्या किमतीतच ती भरून निघेल. देणगीपत्र आहे ना?"

"आहे की!" बाई म्हणाल्या. त्यांनी वहीचं कोरं पान टरकन फाडलं आणि आरामखुर्चीवर ठेवून ओळी आखायला घेतल्या. "म्हणजे होतंयच. साहेब, तुमच्या किती म्हणालात?"

"माझ्या… थोड्याच."

"मोजून सांगते," बाई म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या. बारा वर्षांत त्या इतक्या झपाट्यानं कधी चढल्या नव्हत्या.

तेवढ्यात बातमी लागून लॉजवाल्या काकू धापा टाकत आल्या. "अहो, माझ्या खाटांना हात लावू नका, परवा लग्नाचं वऱ्हाड…" इथं अध्यक्षांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"काय म्हणताय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"काकू विचारतायत," बाई कठड्यावरून म्हणाल्या, "की त्यांच्या खाटांना रंग लावून द्यायचा, की आहेत तशाच घेणार? किती मन मोठं बघा! काकू, तुमच्या नऊ. इथं सही करा. का नाही द्यायच्या? तसं असेल तर मी दुसऱ्या वहीत लिहिते."

दुसरी वही दंडाची होती, हे काकूंना ठाऊक होतं. त्यांनी सही केली. पाच वाजेपर्यंत बाकीचे हॉटेलवालेही नाक मुठीत धरून येऊन सह्या करून गेले. एकूण एकाहत्तर खाटा निघाल्या. अधिकाऱ्यांनी शेरा लिहिला, "स्थानिकांचं औदार्य अनुकरणीय," आणि अध्यक्षांचा हात हातात घेऊन दाबला. हप्ता मुदतीच्या दहा मिनिटं आधी मंजूर झाला. हॉटेलवाल्यांनी रातोरात टेकडीखालून नव्या खाटा मागवल्या, दीडपट भावानं; आणि बाईंनी तिसऱ्या दिवशी त्याही मोजल्या.

नळाला पाणी आलं त्या रविवारी चोवीस घरांत सामान येऊन पडलं. आचारीबुवांनी रजा काढली होती. एकोणीस नंबरमध्ये अध्यक्षांच्या हॉटेलातला सगळ्यात भारी पलंग आला होता, स्प्रिंगच्या गादीसकट. बाई स्टुलावर उभ्या राहून पडदा लावत होत्या आणि खिडकीतून येणारं दुपारचं ऊन थेट गादीवर पडत होतं. आपल्या घरात आपण दोघं, आणि घड्याळ बघून बस पकडायची नाही! त्यांना इतका आनंद झाला होता, की म्हणूनच भांडायला सुचलं.

"मला एक कळत नाही. खाटा तुम्हीच वाहिल्यात ना? कमरेवरून मी ओळखायला हवं होतं. बायको गल्लोगल्ली शोधत फिरतेय, आणि तुम्ही वाफेत तोंड घालून उभे!"

"सांगितलं असतं तर तू लगेच दंड लावला असतास," आचारीबुवा डबे मांडता मांडता म्हणाले. "तुझा स्वभावच तो. मग सुनावण्या, आणि घर गेलं हातचं."

बाईंचा हात पडद्यावरच थांबला. "म्हणजे? तुम्हाला माहीत होतं अधिकारी तिथं येणार ते?"

"तूच नाही का फोनवर सांगितलंस? पत्राचं दुसरं पान वाचून दाखवलंस. मला वाटलं, अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत खाटा निघाल्या की जागच्या जागी मोजल्या जातील, चारशेचा आकडा होईल. ते देणगीचं माझ्या डोक्यात नव्हतं. योजना थांबवणार होते असं कळलं, तेव्हा आख्खं पातेलं करपलं माझं."

बाई स्टुलावरून खाली उतरल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. सात वर्षं त्या या माणसाला साधाभोळा समजत होत्या. "अहो, पण खाटा या घरांत ठेवायच्या हे डोकं कुणाचं?"

"माझं. अध्यक्षांनी विचारलं, एवढ्या खाटा ठेवायच्या कुठं? मी म्हटलं, नवी घरं रिकामीच आहेत."

"आणि अधिकारी घरं बघायला येणार, ते नाही सांगितलंत?"

आचारीबुवांनी मिठाचा डबा फडताळात नीट सरळ केला.

"ते त्यांनी विचारलं नाही," ते म्हणाले.